आतल्या दारांना आणि चौकटींना पांढरा रंग: नक्की कुठला पांढरा?

झुंबर_नको (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. घराचं रंगकाम काढलंय आणि भिंतींपेक्षा दारांवरूनच जास्त डोकं उठलंय. ठाण्यातला फ्लॅट, बिल्डिंग १९९६ ची. आतली सगळी दारं फ्लश डोअर, त्यावर बिल्डरने दिलेला चॉकलेटी ऑइलपेंट आणि मधे कधीतरी त्यावरच परत तोच चॉकलेटी. चौकटी सागवानी आहेत असं सासरे सांगायचे, पण त्याही चॉकलेटीच. पॅसेजमध्ये दिवसा लाइट लावावा लागतो. तर आता सगळं लाकूडकाम पांढरं करायचं यावर घरात एकमत आहे (सासूबाई सोडून).
भिंती ऑफव्हाइट होणार. फरशी पिवळसर, आयव्हरी व्हिट्रिफाइड, ती बदलणार नाही. हॉलच्या खिडक्या मागे पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) करून घेतल्यात.
प्रश्न असा की शेडकार्डात पांढऱ्याच्याच एवढ्या पट्ट्या आहेत की गरगरायला होतं. नवरा म्हणतो डोळे मिटून एकदम शुभ्र घे. मला भीती की घराचा दवाखाना होईल. पेंटर म्हणतो, "ताई, व्हाइट म्हंजे व्हाइट, त्यात काय निवडायचं?" शिवाय ग्लॉस (एकदम चकचकीत) की सॅटिन (मंद चमकीचा), ऑइल की वॉटरबेस्ड, हे वेगळंच. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा प्लीज.

टवाळ_कार्टं
पुढच्या वर्षीचा धागा: "पांढऱ्या दारांवरचे तेलकट हात कसे काढावेत". आत्ताच जागा धरून ठेवतो.

पोपटी
आम्ही एकदम शुभ्र आणि ग्लॉस केलाय. छान दिसतं, प्रकाश वाढतो हे खरंय. पण हँडलच्या आजूबाजूला वीतभर गोल डाग पडतो तो आठवड्याला पुसावा लागतो, हे धरून चाला. आणि लांबी, म्हणजे रंगाआधी खड्डे भरायची पुट्टी, नीट घासलेली नसेल तर ग्लॉसमध्ये सगळे उंचवटे दिसतात, संध्याकाळी तिरपा प्रकाश आला की दारावर सह्याद्री.

जुनं_ते_सोनं
सागवानी चौकटीला पांढरा रंग?? अहो त्यापेक्षा तो चॉकलेटी खरवडून काढा आणि पॉलिश करा. लोक सागवान मिळावं म्हणून जुन्या वाड्यांचे लिलाव धुंडाळतात आणि तुम्ही आहे ते झाकताय. सासूबाईंचं ऐका.

संत्रानगरी
सागवानाचा विषय निघाला म्हणजे नागपूरकराला बोलावंच लागते. आमच्याकडचं सीपी टीक, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान, आलापल्ली-बल्लारपूरचं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहूनच सागवान गेलं. ते जर कोणी पांढरं करत असेल तर मी स्वतः ठाण्याला येऊन दारात बसतो.
पण बिल्डरने दिलेली चौकट "सागवानी" आहे हे कोणी पाहिलं? चॉकलेटी ऑइलपेंट मारला त्याअर्थी खाली काय आहे ते बिल्डरलाच दाखवायचं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात, उंबरठ्याजवळ, वीतभर खरवडून पाहून घ्या, मग काय ते ठरवा.

जुनं_ते_सोनं
@संत्रानगरी, हे मान्य. खरवडून बघाच. सागवान निघालं तर फोटो टाका.

लांबीभरे
माझा धंदाच हा, सांगली-कोल्हापूर भागात रंगाची कामं घेतो, त्यामुळं जरा लांबड लावतो.
शेड हा शेवटचा प्रश्न आहे. चॉकलेटीवर पांढरा चढवायचा म्हणजे निम्मं काम अस्तराच्या आधीच असतं. जुना ऑइलपेंट चकचकीत असतो, त्यावर काहीच नीट धरत नाही. १२० किंवा १५० नंबरच्या सँडपेपरनं सगळी चमक मारायची, पोपडे आलेत तिथं पत्रीनं खरवडायचं, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, वाळू द्यायचं, मग पांढरा वुड प्रायमर. त्यानंतर लांबी. इथं पोरं चलाखी करतात, भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उरलेली असते तीच दाराला फासतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं उन्हाळ्यात आटतं, ती पुट्टी काही त्याच्याबरोबर हलत नाही, वर्षात तडे. दाराला ऑइलची लांबी किंवा लाकडाचीच पुट्टी. मग २२० नं घासून परत प्रायमर, मग रंगाचे हात. चॉकलेटीवर दोन हातात भागवतो म्हणणाऱ्याला विचारा की प्रायमर किती मारणार. खालचा काळोख प्रायमरनं झाकायचा असतो, महागड्या रंगानं नव्हे.
आणखी एक. चौकटीला गाठी असतील किंवा खाली जुनं पॉलिश असेल तर पांढऱ्यातनं महिन्या-दोन महिन्यांनी तपकिरी डाग वर येतात, वरनं कितीबी हात मारा, परत येतात. तिथं आधी चपड्याचा हात द्यायचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तासाभरात वाळतं आणि डाग खाली बंद होतो. आमचे जुने मिस्त्री गाठ दिसली की न सांगता करायचे.
आणि ऑइलपेंटात पेंटर रॉकेल घालताना दिसला तर हातातनं डबा काढून घ्या. पातळ होतं, ओढायला सोपं जातं, पण चमक मरते.

टवाळ_कार्टं
@लांबीभरे, तुम्ही सांगलीहून ठाण्याला काम घेता का? सासूबाईंसह.

नीलवर्णा
कुणीच मूळ प्रश्नाचं उत्तर देत नाहीये. कुठला पांढरा?
माझं मत: एकदम शुभ्र नको. तुमची फरशी पिवळसर आहे. त्या फरशीवर निळसर शुभ्र दार उभं केलं की फरशी आणखी जुनी आणि मळकी दिसणार. किंचित उबदार पांढरा घ्या, क्रीमकडे न झुकणारा.

दोनबीएचके
@नीलवर्णा, पण त्यांच्या खिडक्या यूपीव्हीसीच्या आहेत ना, त्यांचा पांढरा चांगलाच थंड असतो. त्याच्या शेजारी उबदार पांढरा ठेवला तर दारं पिवळी दिसतील. आमच्याकडे हेच झालंय. बाल्कनीच्या स्लायडिंगशेजारी बेडरूमचं दार, दोन्ही "पांढरं", पण पाहुणे विचारतात दार जुनं आहे का.

निवृत्त_रसायन
पेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली माझी, कंपनीचं नाव घेत नाही. दोन-तीन गोष्टी सांगतो.
पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. स्वस्त डब्यात तो कमी आणि खडूसारखं भरताड जास्त, म्हणून त्याचे हात जास्त लागतात. डब्यामागे पैसे वाचतात ते मजुरीत जातात.
दुसरं, ऑइलपेंट म्हणजे सिंथेटिक एनॅमल पिवळा पडतोच. त्यातलं तेलापासून बनवलेलं अल्किड रेझिन हवेतल्या ऑक्सिजनबरोबर वाळतं आणि त्या प्रक्रियेतच पिवळेपणा येत जातो. लोकांना वाटतं उन्हाने पिवळा पडतो. उलट आहे, अंधारात जास्त पडतो, उजेडात तो काही प्रमाणात परत फिका होतो. दाराची हॉलकडची बाजू ठीक आणि लॉफ्टची झडप आतून पिवळी, हे त्यामुळेच. दारावर कॅलेंडर टांगलेलं असेल तर ते काढल्यावर खाली पिवळा चौकोन दिसेल. अमोनियानेही पिवळेपणा लवकर येतो, काही काच पुसायच्या द्रावणांत तो असतो.
म्हणजे धागाकर्तीच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये पांढरा ऑइलपेंट हा सगळ्यात वाईट पर्याय. वॉटरबेस्ड अॅक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन)-अॅक्रिलिक एनॅमल घ्या, ते असे पिवळे पडत नाहीत.
आमच्या वेळी पेंटर पांढऱ्यात निळ्या स्टेनरचा थेंब टाकायचे, धोतराला नीळ देतात तसं. पहिल्या दिवशी झकास दिसतं. पण तेल पिवळं पडत गेलं की त्या निळ्याबरोबर मिळून हिरवट छटा येते. पेंटरला आधीच सांगून ठेवा, आमच्या डब्यात काही टाकायचं नाही.

नीलवर्णा
अंधारात जास्त पिवळा पडतो हे नवीनच कळलं. आमच्या देवघराच्या कपाटाचं कोडं सुटलं, मी इतकी वर्षं उदबत्तीला दोष देत होते.

निवृत्त_रसायन
उदबत्तीही निर्दोष नाही. तिचा थर फडक्याने निघतो, हा निघत नाही, एवढाच फरक.

थेम्सकाठची_मावशी
निवृत्त_रसायन यांना अनुमोदन. इथे इंग्लंडमध्ये घराघरातून दारं, जिने, स्कर्टिंग सगळं झगझगीत पांढऱ्या ग्लॉसचं असायचं, तोही ऑइलबेस्ड. २०१० पासून युरोपात रंगातल्या बाष्पशील द्रावकांवरची, म्हणजे व्हीओसीवरची मर्यादा आणखी कडक झाली, कंपन्यांनी फॉर्म्युले बदलले आणि मग पांढरा ग्लॉस भराभर पिवळा पडतो अशी पेंटर लोकांची ओरड सुरू झाली. आता आमच्या गल्लीत बहुतेक जण लाकडालाही पाण्याचाच रंग आणि तोही सॅटिन लावतात. ग्लॉस दिसला की घर आजीआजोबांचं आहे असं समजावं. (आमच्याकडे ग्लॉसच आहे.)

बे_एरियातला_बंड्या
पांढऱ्याचं वेड बघायचं तर अमेरिकेत या. २०१६ मध्ये इथल्या दोन मोठ्या पेंट कंपन्यांनी "कलर ऑफ द इयर" म्हणून पांढरेच जाहीर केले, बेंजामिन मूरचा सिंपली व्हाइट आणि शेरविन विल्यम्सचा अलॅबास्टर. वर्षभराचा रंग म्हणून पांढरा, तो पण दोघांचा! मार्केटिंगवाल्यांना दंडवत.
कामाचं तेवढं सांगतो. इथे शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा छापतात, किती प्रकाश परत फेकतो त्याचा, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे आदर्श पांढरा. अलॅबास्टर ८२, त्याच कंपनीचा प्युअर व्हाइट ८४. आकडे इतके जवळ, पण शेजारी ठेवलेत तर एक साय आणि एक कागद. म्हणजे उजेड किती ते आकड्यावरून कळतं, झाक कळत नाही. भारतात शेडकार्डवर हा आकडा असेल तर बघा, पण त्यावर विसंबू नका.

छोटीचीआई
एक महत्त्वाचा मुद्दा राहिलाय. जुना रंग घासायचा म्हणताय, त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम २०१६ चा, अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून. १९९६ चा चॉकलेटी एनॅमल त्याच्या कितीतरी आधीचा. घरात लहान मूल असेल तर कोरडं घासू देऊ नका, वॉटरपेपर घेऊन पाणी मारत घासायचं, खाली प्लास्टिक, आणि झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. आम्ही ते दिवस मुलीला आजोळी पाठवली होती.

लांबीभरे
बरोबर. ओलं घासलेलं आमच्या पोरांच्या छातीला पण बरं. पण ताई, पाणी मारलं की फ्लश डोअरची खालची धार जपा, तिथनं पाणी आत गेलं की प्लाय फुगतो. आणि ही खालची न् वरची धार रंगवतच नाहीत कोण. पावसाळ्यात दार अडकायला लागतं त्याचं एक कारण तेच, उघड्या धारेतनं ओल आत जाते. दार उतरवायला सांगा, धारेला पण प्रायमर, धारेला पण रंग.

टवाळ_कार्टं
दाराला पण धार, धाग्याला पण धार. चहा आणतो.

मांडवीपार
मी गोव्याचा. आमच्या जुन्या घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गेरूच्या आणि खिडक्या-दारांभोवती पांढऱ्या पट्ट्या. पोर्तुगीज काळात बाहेरून पूर्ण पांढरं फक्त चर्चला, घराला नाही, असं आमच्याकडे सांगतात. आमच्या घरी दारं मात्र आतून पांढरी, आणि समुद्राच्या हवेत त्यांचं काय होतं ते मला विचारा. बिजागऱ्या आणि स्क्रू साध्या लोखंडाचे असले की पांढऱ्यावर गंजाचे ओघळ येतात. चॉकलेटीवर ते दिसत नव्हते इतकंच. पांढरं करताय तर बिजागऱ्या, कड्या स्टेनलेसच्या किंवा पितळेच्या करून घ्या, आणि पेंटरला बिजागरीवर रंग फासू देऊ नका. ठाण्यालाही खाडी आहेच.

पोपटी
बिजागरीवर रंग!! या एका गोष्टीवर स्वतंत्र धागा होईल. आमच्याकडे कडीवर, कोयंड्यावर, स्टॉपरवर, एका स्क्रूवर लटकलेल्या मुंगीवर सुद्धा रंग आहे.

झुंबर_नको
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. अपडेट: चौकटीचा कोपरा खरवडला. @संत्रानगरी, तुमचा संशय खरा, तांबूस जड लाकूड आहे, सुतार म्हणाला साग नाही, मलेशियन काहीतरी. सासूबाई गप्प आहेत, सासऱ्यांच्या फोटोकडे बघून मान हलवतात.
पण आता शेडचं सांगा ना. नीलवर्णा म्हणतात उबदार, दोनबीएचके म्हणतात थंड. आणि मी शेडकार्डचे तुकडे दारावर चिकटवून बघतेय, सकाळी एक आवडतो रात्री दुसरा.

संत्रानगरी
मग करा पांढरं बिनधास्त, आमची हरकत मागे.

उजेडवाला
सकाळी एक आणि रात्री दुसरा, हे दिव्यांमुळे. ६५०० केल्विनचा एलईडी असेल तर सगळं निळसर, ३००० चा असेल तर सगळं पिवळसर. आधी दिवे ठरवा. अंधाऱ्या पॅसेजमध्ये तर दिवसासुद्धा दिवाच ठरवणार की दार कसं दिसतं ते. मी ४००० लावतो, दोन्हीच्या मधे.

नीलवर्णा
आणि शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावरून काही कळत नाही. छोटे डबे घ्या, प्लायचे हातभर तुकडे घ्या, त्यावर प्रायमर मारून तीन शेड रंगवा आणि ते दाराजागी *उभे* ठेवा, आडवे टेबलावर नाही. आडव्यावर छताचा उजेड पडतो, उभ्यावर फरशीचा. तुमच्या केसमध्ये फरशीचीच झाक दारांच्या खालच्या अर्ध्यावर येणार आहे.

दोनबीएचके
मी एक सुचवतो. जे पांढरं तुम्ही बदलू शकत नाही तिथून सुरू करा. खिडक्या, मॉड्युलर स्विचबोर्ड, एसी, बाथरूमच्या टाइल्स. घरात त्यांचा पांढरा आधीच ठरलेला आहे. दार ज्या पांढऱ्याच्या शेजारी उभं राहणार आणि एका नजरेत दोन्ही दिसणार, त्याच्याशी ते जुळायला हवं. हॉलमधली दारं खिडकीशेजारी आहेत का? नसतील तर यूपीव्हीसी विसरा.

झुंबर_नको
अरेच्चा. हॉलमध्ये खिडकी आणि दार एका नजरेत येतच नाहीत! खिडकी एका टोकाला, दारं सगळी पॅसेजमध्ये. पॅसेजमध्ये दारांशेजारी फक्त स्विचबोर्ड आणि भिंत.

नीलवर्णा
मग भिंतीशी जुळवा. ऑफव्हाइट भिंतीशेजारी शुभ्र दार आलं की भिंत धुवायची राहिलीय असं वाटतं. सोपा उपाय, दाराला भिंतीचीच शेड, एका पायरीने फिकी. किंवा तीच शेड, फक्त भिंतीला मॅट आणि दाराला सॅटिन. चकाकीच्या फरकानेच दार वेगळं उठून दिसतं.

जुनं_ते_सोनं
हे मात्र पटलं. आणि मी पॉलिशवाला माणूस आहे.

निवृत्त_रसायन
सॅटिनलाच माझंही मत. ग्लॉस पुसायला सगळ्यात सोपा पण दोष दाखवतो, मॅट दोष झाकतो पण हात लागलेला धरून ठेवतो. एक काळजी घ्या: वॉटरबेस्ड हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला बरेच दिवस घेतो. तोवर दार चौकटीच्या ज्या खाचेत टेकतं तिथे दोन्हीकडचे रंग एकमेकांना चिकटतात आणि जोर लावून उघडलं की पट्टीच्या पट्टी उखडते. पहिले काही दिवस रात्री दार किंचित उघडं ठेवा, खाचेत थोडी टाल्कम पावडर चोळा.

छोटीचीआई
आणि जुना रंग ऑइलचाच आहे याची खात्री करा, मधे परत मारलेला पाण्याचा असेल तर गोंधळ. कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून घासा, एसीटोनवाला. कापसाला रंग आला तर पाण्याचा, आला नाही तर ऑइलचा.

झुंबर_नको
घासला, कापूस स्वच्छ. ऑइलच.
ठरलं: ओलं घासून, जुन्या ऑइलपेंटवर धरेल असा प्रायमर, वॉटरबेस्ड सॅटिन, भिंतीच्या शेडपेक्षा एक पायरी फिका. पॅसेजला ४००० चे दिवे. काम पावसाळ्यानंतर, हवा कोरडी झाली की. नवऱ्याची समजूत अशी काढली की बाथरूमची दारं आतून एकदम शुभ्र, तिथे टाइल्स तशाच आहेत. पेंटरला हे सगळं वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, तुम्हीच मारा ना मग."

लांबीभरे
त्याला म्हणावं मजुरी वाढवून देतो, दार उतरवून कर. ऐकतोय बघा. आणि मशीनवर शेड बनवून घेतली की डब्यावरच्या स्टिकरवरचा कोड दाराच्या वरच्या धारेवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. डबा भंगारात जातो, दार जात नाही. सगळ्या दारांचा रंग एकदमच घ्या, नंतर आणलेल्या डब्यात जरा फरक पडतोच. एका दाराच्या दोन्ही बाजू धरून चाळीस-पंचेचाळीस चौरस फूट, चौकट वेगळी, त्यावरनं हिशोब काढा.

पोपटी
@झुंबर_नको झाल्यावर फोटो टाका. हँडलजवळचा क्लोजअप पण, सहा महिन्यांनी.

नवाआयडी_७७
नमस्कार, सगळा धागा वाचला, छान माहिती. माझा प्रश्न वेगळा आहे, खिडकीच्या लोखंडी ग्रीलला पांढरा मारला तर चालेल का? गंज आहे थोडा.

मांडवीपार
थोडा म्हणजे किती? वायरब्रशने घासल्यावर ग्रील उरतं का?

टवाळ_कार्टं
नवीन धागा काढा. मी जागा धरतो.